वारंवार गर्भपातानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी
दोन किंवा अधिक गर्भपात झाले असतील, तर आधी थायरॉइड, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा), गर्भाशयाची थ्रीडी सोनोग्राफी आणि अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी (रक्तात गुठळ्या होण्याची शक्यता वाढवणारी प्रथिनं) तपासून घ्या. अँटीबॉडी एकदा पॉझिटिव्ह आल्या म्हणजे निदान पक्कं नाही. संसर्गानंतरही त्या तात्पुरत्या वाढतात, म्हणून किमान 12 आठवड्यांनी पुन्हा तपासायच्या. पक्क्या ठरल्या तर डॉक्टर कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं देतात. स्वतःहून सुरू करू नका. फॉलिक ॲसिड मात्र आधीपासूनच, रोज 400 मायक्रोग्रॅम.

जिना चढल्यानं गर्भ पडत नाही; स्वतःला दोष देऊ नका.

पुढच्या गरोदरपणात अकाली प्रसूतीचा धोका वाढलेला असतो. अँटीबॉडी असतील तर रक्तदाबाचा आणि बाळाची वाढ खुंटण्याचाही. प्रत्येक भेटीत बीपी मोजून घ्या. 20 आठवड्यांनंतर डोकं सतत ठणकलं, नजर धूसर झाली किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं, तर लगेच रुग्णालय गाठा.