जुनं घर घेताना: मिळकतकर आणि मालकी कागदावर कशी तपासावी

पुण्यात जुना फ्लॅट किंवा पेठेतला वाडा बघताना लोक आधी गिलावा आणि पाणी बघतात. आधी कागद बघा. उद्या कोणी कुलूप तोडून आत बसला, तर त्याला बाहेर काढायला कोर्ट आणि पोलीसच लागणार. सरकारच्या ज्या सक्तीने कर वसूल होतो, तिच्याच जोरावर घर तुमचं राहतं. घटनेत दोन्हीला एकच अट आहे: कायद्याच्या अधिकाराशिवाय ना कर (कलम 265), ना कोणाची मालमत्ता काढून घेणं (300अ).

पहिल्यांदा थकबाकी. महापालिकेच्या संकेतस्थळावर सेक्शन, पेठ आणि खाते क्रमांक टाकून मिळकतकर तपासा. "मागचं मी बघतो" या विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका. हा कर मिळकतीवर बसतो, कायद्याने त्याचा बोजा त्याच वास्तूवर असतो आणि जप्ती तिचीही होऊ शकते. मुदत टळली की दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड. साध्या हिशेबानेही 50 महिन्यांत ती मुद्दलाएवढी होते. थकबाकी व्यवहाराच्या रकमेतून वळती करा, पावती खरेदीखताआधी घ्या.

खरेदीखत सह्यांपासून 4 महिन्यांत दुय्यम निबंधकाकडे (दस्त नोंदणी कार्यालयात) हजर करायचं. मुद्रांक शुल्क कमी पडलं, तर फरक आणि दंड भरेपर्यंत दस्त पुराव्यात घेतला जात नाही.

सूची 2 (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) हातात आली की बरेच जण थांबतात, आणि घोळ तिथेच होतो. वाडा किंवा बंगला असेल तर नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) फेरफार, म्हणजे मालकाच्या नावातला बदल, करून घ्या. सातबाऱ्याची जमीन असेल तर तलाठ्याकडे फेरफार नोंदवला गेला का ते बघा; नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सातबाऱ्यावरचा 'इतर अधिकार' रकाना शब्द न् शब्द वाचा: बँकेचा बोजा, सरकारी येणं, कोर्टाची मनाई तिथे लिहिलेली असू शकते. फ्लॅटला सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) नावावर करा.

मिळकतकराच्या बिलावर नाव लावणं हे वेगळं काम. त्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही. स्वतः राहत असाल तर महापालिकेचा पीटी-3 अर्ज भरा, नाहीतर 40 टक्के सवलत हातची जाते.

कोणी बेकायदा कब्जा घेतलाच, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम 6 खाली 6 महिन्यांत दावा लावा. त्यात मालकी सिद्ध करावी लागत नाही. सरकारविरुद्ध मात्र हा दावा चालत नाही. तिथे मालकीचेच कागद लागतात, म्हणून मूळ खरेदीखत आणि आधीच्या खरेद्यांची साखळी लॉकरमध्ये ठेवा, घरात नको.