मुलांना देवबाप समजावताना

रात्रीच्या प्रार्थनेत माझी सहा वर्षांची लेक एकदा मध्येच थांबली. संध्याकाळी तिच्या हातून काचेचा पेला फुटला होता आणि मी फार ओरडले होते. तिने विचारलं, "आई, देवबापपण असा ओरडतो का?"

मी आधी तिची माफी मागितली. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. आईबाबा चुकतात, त्यांच्या मापाने देवबापाला मोजायचं नाही, हे मुलांना तेव्हाच कळतं. ज्या मुलाने वडिलांचा नुसता धाकच पाहिलाय, त्याच्यापुढे 'बाप' या शब्दाची घाई मुळीच करू नका.

मग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली (अध्याय 15) हरवलेल्या मुलाची गोष्ट वाचा, अगदी सावकाश. घर सोडून गेलेला मुलगा परत येताना दूर असतानाच बाप त्याला पाहतो, कळवळतो, धावत जाऊन गळ्यात पडतो. मुलाने मनाशी जुळवलेलं बोलणं पुरं व्हायच्या आतच झगा, अंगठी, पायतण मागवतो. इथे थांबून विचारा, "बापाला तो दुरूनच कसा दिसला?" माझी लेक म्हणाली, "तो रोज वाट बघत असणार." धाकट्याच्या स्वागतावरून रुसलेल्या थोरल्या भावाची समजूत काढायलाही बापच बाहेर येतो, घरात भावंडं असतील तर हा भाग गाळू नका.

येशूने गेथशेमाने बागेत देवाला 'अब्बा', म्हणजे 'बापा', अशी हाक मारली (मार्क 14:36). येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणताना 'पित्या' या शब्दावर क्षणभर थांबा आणि पुढे मुलांना आपल्या शब्दांत बोलू द्या. काल लेक म्हणाली, "देवबापा, आज मी खोटं बोलले." मग कूस वळवून झोपली.