गिटारच्या नेकवरचे पॉलिश काढताना या चुका टाळा

वर्षानुवर्षे वाजवून झिजलेल्या नेकवर (गिटारच्या लांब दांड्यावर) अंगठा कुठेही न अडखळता फिरतो, आणि तोच स्पर्श नव्या गिटारला मिळावा म्हणून अनेक वादक सँडपेपर हातात घेतात. हे काम अवघड नाही. ते बिघडते तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असते, ते म्हणजे गरजेपेक्षा जास्त काढून टाकणे. हाताखाली लाकूड आहे की लॅकर (लाकडावरचा संरक्षक थर), यापेक्षा सर्वांत वरचा पृष्ठभाग किती चकचकीत आहे, याचा सरकण्याशी अधिक संबंध आहे. आरशासारखा गुळगुळीत थर घामट तळव्याला सलग चिकटतो, तर बारीक आणि एकसारखे ओरखडे असलेल्या थरावर तो कमी जागी टेकतो.

म्हणून पहिली चूक म्हणजे थेट लाकडापर्यंत जाणे. तारा सैल करून किंवा काढून, नेकच्या मागच्या बाजूवर ०००० क्रमांकाचे स्टील वूल किंवा तितकाच बारीक घासणी पॅड लांबीच्या दिशेने फिरवला, तर दहा-पंधरा मिनिटांत चकाकी मरते आणि चिकटपणा जातो. लाकडावरचे संरक्षण शाबूत राहते, आणि आवडले नाही तर थर पुन्हा घासून चकचकीत करता येतो. वाजवून वाजवून ही जागा काही महिन्यांनी परत चमकू लागते, तेव्हा हीच कृती पुन्हा करावी लागते, एवढाच त्यातला तोटा. माझ्या मते बहुतेकांनी इथेच थांबावे. स्टील वूल वापरताना मात्र पिकअप (तारांखालचे, आवाज टिपणारे चुंबक) टेपने पूर्ण झाकावेत किंवा नेक काढून दूर न्यावी, कारण त्याचे बारीक लोखंडी कण चुंबकाला चिकटून बसतात आणि नंतर काढता काढता नाकी नऊ येतात.

ज्यांना खरोखर लाकूडच हाताला लागायला हवे आहे, त्यांनी आधी थर कशाचा आहे ते ओळखावे. हे न पाहता ॲसिटोन किंवा पेंट रिमूव्हर ओतणे ही दुसरी मोठी चूक आहे. ट्यूनरच्या (तार ताणणाऱ्या खुंटीच्या) वॉशरखाली दडणाऱ्या जागी कापसाच्या काडीने ॲसिटोनचा एक थेंब लावून पाहावा. नायट्रोसेल्युलोज लॅकर लगेच मऊ होऊन चिकट होते, पण पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टर सहसा दाद देत नाहीत. रसायनाचा खरा धोका थराला नसून आजूबाजूच्या प्लॅस्टिकला असतो, कारण फ्रेटबोर्डच्या (नेकच्या पुढच्या, बोटांनी तारा दाबायच्या फळीच्या) कडेची पट्टी आणि बाजूचे ठिपके त्यात विरघळू शकतात. हीट गनबद्दलही तेच. उष्णतेने थर सुटतो खरा, पण फ्रेटबोर्ड चिकटवलेला गोंदही त्याच उष्णतेने ढिला पडतो. नेकपुरते बोलायचे तर स्क्रेपर आणि सँडपेपर हाच संथ पण भरवशाचा मार्ग आहे.

घासण्याआधी काय झाकायचे, याचा विचार अनेकदा अर्धवट राहतो. फ्रेटबोर्डच्या कडा, नट (वरच्या टोकाला तारांना टेकू देणारी पट्टी) आणि हेडस्टॉक (खुंट्या बसवलेला माथा) यांवर मास्किंग टेप लावावी. हेडस्टॉकवरचे नाव बऱ्याचदा पातळ, स्टिकरसारखे डिकल असते आणि ते वरच्या पारदर्शक थराखाली असते, त्यामुळे सँडपेपरचे दोन-चार जास्त हात फिरले तरी ते कायमचे जाते. बोल्टने जोडलेल्या नेकचा टाचेचा भाग, म्हणजे जो बॉडीच्या खाचेत बसतो, त्याला हातच लावू नये. तिथे थोडेसे लाकूड गेले तरी नेक खाचेत डुलते आणि कडेची तार फ्रेटबोर्डच्या काठाकडे सरकते.

घासताना इलेक्ट्रिक सँडर वापरणे म्हणजे नेकची गोलाई बिघडवण्याचे आमंत्रण आहे. यंत्र क्षणभर एका जागी थांबले की तिथे सपाट डाग पडतो, आणि तो डोळ्यांना दिसला नाही तरी अंगठ्याला दर वेळी जाणवतो. हातानेच, मऊ रबरी किंवा फोमच्या आधारावर कागद धरून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावे. आडवे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत आणि तेलाचा पहिला हात दिला की सगळे उठून दिसतात. जाड पॉलीसाठी (पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरसाठी) १५० क्रमांकाच्या कागदापासून आणि पातळ थरासाठी २२० पासून सुरुवात करून ३२० आणि ४०० पर्यंत क्रमाने जावे. मधला कागद गाळला, तर आधीच्या कागदाचे खोल ओरखडे तसेच राहतात. काम चालू असताना धुळीसाठी मास्क लावावा.

थर पूर्ण निघाला की नाही, हे नुसत्या नजरेने ठरवू नये. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेले फडके फिरवले की उघडे लाकूड गडद होते आणि थर उरलेली जागा फिकट राहते. हे बेट तसेच सोडले तर तेल तिथे शिरत नाही आणि नेक डागाळलेली दिसते.

रंगाबाबत एक अपेक्षाभंग ठरलेलाच असतो. मेपलच्या नेकवरचा मधासारखा रंग बहुधा लॅकरमध्ये मिसळलेला असतो, त्यामुळे तो थरासोबत जातो आणि खाली फिकट लाकूड उघडे पडते. जुनेपणा आणण्यासाठी त्यावर गडद स्टेन (लाकूड रंगवण्याचे द्रावण) चोळणे धोक्याचे आहे, कारण मेपल स्टेन असमान शोषते आणि ठिकठिकाणी काळपट ढग उमटतात. तेलाने येणारा सौम्य पिवळेपणा पुरेसा मानावा. महोगनीच्या नेकची अडचण वेगळी आहे. तिची उघडी छिद्रे बहुधा लालसर फिलरने (छिद्रे बुजवणाऱ्या लेपाने) भरलेली असतात, त्यामुळे घासल्यावर रंग पट्ट्यापट्ट्यांनी निघतो आणि पुन्हा एकसारखा होणे कठीण जाते.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक मात्र घासण्यात नाही, ती त्यानंतर नेक कोरडीच सोडण्यात आहे. सुरुवातीला तो स्पर्श अप्रतिम वाटतो. पुढे घाम आणि मळ मेपलच्या तंतूंत शिरून करडे डाग बसतात, जे वरवर पुसून जात नाहीत, आणि हवेतली ओल सहज आत-बाहेर होऊ लागल्याने नेकचा बाक ऋतूनुसार जास्त बदलतो. सुकून घट्ट होणारे तेल हवेच. म्युझिक मॅन या कंपनीच्या अनेक गिटारांच्या नेकवर बंदुकीच्या दस्त्यांसाठीचे तेल आणि मेण लावतात, आणि त्याच जातीची तेले घरच्या कामालाही चालतात. टंग ऑइल किंवा ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ नावाने मिळणारे जवसाचे तेलही चालते, पण स्वयंपाकाचे तेल किंवा मिनरल ऑइल नको. मिनरल ऑइल कधीच सुकत नाही, आणि स्वयंपाकाची बहुतेक तेले अर्धवट सुकून चिकट होतात.

तेलापूर्वी ओलसर फडक्याने लाकूड पुसून सुकू द्यावे. तंतू उभे राहतात आणि हाताला खरखर लागते, ती ४०० च्या कागदाने हलकेच काढावी. हा टप्पा टाळला तर हीच खरखर पहिल्या घामाने येते. तेलाचा हात अगदी पातळ द्यावा, दहा-पंधरा मिनिटांनी उरलेले सगळे पुसून काढावे आणि पुढच्या हातापूर्वी किमान २४ तास जाऊ द्यावेत. तीन-चार हात पुरतात. दुसऱ्या दिवशीही नेक चिकचिकीत राहिली, तर तेल जास्त झाले असे समजावे, टर्पेंटाइन लावून स्टील वूलने वरचा थर उतरवावा आणि पुन्हा पातळ हात द्यावा. वर आणखी तेल लावल्यास चिकटपणा वाढतो.

तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकणे ही चूक गिटारपुरती राहत नाही. जवस आणि टंग ऑइल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतात, ती बोळ्यात कोंडते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडकी उघड्यावर पसरून सुकवावीत किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात बुडवावीत.

टेप काढल्यावर लॅकर आणि उघड्या लाकडाच्या सीमेवर बोटाला लागणारी पायरी उरते. ती ६०० च्या कागदाने तिरकी उतरवली नाही, तर पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या पहिल्या आडव्या पट्टीपाशी) दर वेळी अंगठा तिथे अडतो. फ्रेटबोर्डच्या कडा गोलसर करण्याचा मोहही जपून आवरावा, कारण पहिल्या तारेकडची कड जास्त गेली की बेंड (तार बाजूला ओढणे) किंवा व्हिब्रॅटो (तार हलवून सूर थरथरवणे) करताना तार काठावरून घसरते. तारा लावल्यानंतर नेक एक-दोन दिवस ताणाखाली राहू द्यावी आणि मगच ट्रस रॉडला (नेकचा बाक जुळवणाऱ्या आतल्या सळीला) हात घालावा.