जुना सुपरहिरो नव्याने लिहिताना

आधी त्या नायकाचं मूळ एका वाक्यात लिहा. बॅटमॅनचं असं होईल: डोळ्यांदेखत आईवडील गमावलेला मुलगा स्वतःला शस्त्र बनवतो. हे वाक्य कायम ठेवून बाकीच्यातली एकच गोष्ट बदला: काळ, गाव, वय किंवा शक्तीची मर्यादा. तीन गोष्टी एकदम बदलल्या की वाचकाला ओळखीचा माणूस सापडत नाही, आणि मग नवेपणाही जाणवत नाही.

मर्यादा बदलणं सगळ्यात फलदायी. 1938 मध्ये सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला तेव्हा त्याला उडता येत नव्हतं. तो मैलाच्या आठव्या भागाइतकी उडी मारायचा. तेवढीच ताकद पुन्हा दिली, तर वेळेत पोहोचणं हाच पेच होतो. जो काहीही करू शकतो, त्याच्यासाठी वाचकाचा जीव टांगणीला लागत नाही.

पोशाखाची परीक्षा सोपी आहे. आकृती पूर्ण काळी भरा आणि दोन सेंटीमीटर उंचीची करा. तरीही ओळखू आली पाहिजे. नाही आली, तर टोपी, कान किंवा झग्याची कड सुधारा. रंग बदलून हा दोष जात नाही.

22 पानांच्या कॉमिक अंकात उगमकथेला (नायक कसा घडला ती गोष्ट) दोन पानं पुरे, कारण ती सर्वांना पाठ असते. पानावर पाच-सहा चौकटी आणि संवादाच्या एका फुग्यात जास्तीत जास्त 25 शब्द ठेवा. बदल मात्र पहिल्या तीन पानांत कृतीतून दिसू द्या. तो संवादातून समजावला की चित्र नुसतं उभं राहतं.

पात्राचे हक्क बहुतेकदा प्रकाशकाकडे असतात, त्यामुळे परवानगीशिवाय विक्री नको.