मागणीमागची अडचण: नव्या प्रॉडक्ट मॅनेजरसाठी

प्रॉडक्टमध्ये काय बनवायचे आणि आधी काय करायचे हे ठरवणाऱ्या प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली बहुतेक वेळा कोणीच नसते. कोड इंजिनिअर लिहितात, स्क्रीन डिझायनर आखतात, विक्री सेल्सची माणसे करतात. प्रॉडक्ट चालले नाही तर जाब मात्र प्रॉडक्ट मॅनेजरला विचारला जातो. या पदाची वंशावळ साधारणपणे १९३१ सालापासून सांगतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबणाच्या जाहिरातीचे काम पाहणाऱ्या नील मॅकेलरॉय यांनी तेव्हा तीन पानांचे टिपण लिहून, एकेका ब्रँडची साद्यंत जबाबदारी घेणारी स्वतंत्र माणसे नेमावीत, असे सुचवले होते. हेच मॅकेलरॉय १९५७ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले आणि त्यांच्या हाती हुकूम सोडण्याचा अधिकारही आला. आपल्याला मात्र अजून टिपणावरच भागवावे लागते.

म्हणून या कामात पहिली सवय लावून घ्यावी ती मागणी आणि अडचण वेगळी करण्याची. ग्राहक, सेल्स आणि वरिष्ठ हे तिघेही बहुधा उपायच घेऊन येतात. समजा, बिले बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डिलीट झालेले बिल परत आणण्याची सोय द्या’ अशी मागणी वारंवार येत आहे. ती जशीच्या तशी बॅकलॉगमध्ये, म्हणजे पुढे करायच्या कामांच्या यादीत, टाकणे सोपे आहे. त्याऐवजी चार-पाच ग्राहकांच्या शेजारी बसावे आणि त्यांना नेहमीचे काम करू द्यावे. ‘तुम्हाला हे फीचर हवे का?’ असे विचारू नये, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. ‘मागच्या वेळी बिल डिलीट झाले, तेव्हा नेमके काय करत होता?’ असे विचारावे. कदाचित असे दिसेल की ‘प्रिंट’ आणि ‘डिलीट’ ही बटणे एकमेकांना खेटून आहेत, आणि गर्दीच्या वेळी घाईत बोट चुकते. मग अडचण बिल परत आणण्याची नसून ते चुकून डिलीट होण्याची ठरते, आणि बटण हलवणे हे काही दिवसांचे काम आहे.

हे कळले की एका पानाचे टिपण लिहावे. अडचण कोणाची आहे, ती खरी असल्याचा पुरावा काय, आपण काय करणार आहोत, काय जाणूनबुजून करणार नाही आहोत आणि काम साधले हे कशावरून ओळखणार, एवढे त्यात असले की पुरे. यांतील ‘काय करणार नाही’ हा भाग लोक टाळतात आणि पुढे सर्वांत जास्त वाद त्यावरूनच होतात. टिपण पक्के होण्याआधी ते इंजिनिअरांना दाखवावे. निर्णय झाल्यावर दाखवलेल्या कागदावर सूचना येत नाहीत, नुसत्या हरकती येतात.

प्राधान्य ठरवताना अनेक कंपन्या ‘राइस’ (रीच, इम्पॅक्ट, कॉन्फिडन्स, एफर्ट यांची आद्याक्षरे) हे सूत्र वापरतात. इंटरकॉम या कंपनीत तयार झालेल्या या सूत्रात किती लोकांपर्यंत पोहोचेल, परिणाम किती होईल आणि आपल्याला खात्री किती आहे, या तिन्हींचा गुणाकार करून त्याला लागणाऱ्या मेहनतीने भागतात. वरच्या उदाहरणात महिन्याला ४०० ग्राहकांना त्रास होतो असे धरू. बिल परत आणण्याच्या सोयीचा परिणाम २ (१ म्हणजे मध्यम, २ म्हणजे मोठा), खात्री ५० टक्के आणि मेहनत एका माणसाचे २ महिने धरली तर उत्तर २०० येते. बटण हलवण्याचा परिणाम १, खात्री ८० टक्के आणि मेहनत पाव महिना धरली तर उत्तर १,२८० येते. मात्र या आकड्यांना फार भुलू नये. खात्रीच्या रकान्यात माणूस आपल्याला आवडलेल्या कल्पनेला सहज ८० टक्के देऊन टाकतो, आणि मग भागाकार कितीही बिनचूक असला तरी उत्तर आपल्या मनातलेच निघते. हे गणित मतभेद नेमका कुठे आहे ते दाखवते. निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो.

नकार देणे हा या नोकरीतला सर्वांत अवघड भाग आहे, असे माझे मत आहे. ‘बघू’, ‘पुढच्या तिमाहीत विचार करू’ अशी गुळमुळीत उत्तरे देऊ नयेत. सेल्सचा माणूस ती होकार म्हणून ग्राहकापर्यंत नेतो आणि तीन महिन्यांनी तारीख मागायला येतो. त्याच दिवशी, कारणासह आणि लेखी उत्तर द्यावे: ‘हे आत्ता घेतले तर अमुक काम मागे पडेल, म्हणून घेत नाही, परंतु अमुक गोष्ट दिसली तर पुन्हा विचार करू.’ मागणी खुद्द मालकाची असली तरी भाषा हीच ठेवावी, फक्त मागे पडणारे काम आधी सांगावे.

तारखांच्या बाबतीत इंजिनिअरांशी घासाघीस करू नये. सहा आठवड्यांचा अंदाज चार आठवड्यांवर आणला, तर ते दोन आठवडे चाचणीतून कापले जातात आणि रिलीजनंतर बगच्या रूपाने परत येतात. वेळ कमी असेल तर कामाचा आवाका कमी करावा. जुना कोड दुरुस्त करण्याचे काम ग्राहकाला दिसत नाही, त्यामुळे त्याची बाजू मांडायला बैठकीत कोणी नसते. ती प्रॉडक्ट मॅनेजरनेच मांडावी.

रिलीज झाले म्हणजे काम संपले असे धरू नये. टिपणात लिहिलेले माप महिन्याभराने उघडून पाहावे, आणि त्याच्या जोडीला उलट दिशेचेही एक माप ठेवावे: बिल डिलीट झाल्याच्या तक्रारी घटल्या, पण बटण सापडत नाही म्हणून सपोर्टला येणारे फोन वाढले, तर अडचण फक्त जागा बदलून बसली आहे. तक्रारी तेवढ्याच राहिल्या, तर आपला तर्क चुकला असे त्याच टिपणाखाली तारीख घालून नोंदवावे आणि बाजूला ठेवलेली बिल परत आणण्याची सोय पुन्हा विचारात घ्यावी.