विहिरीवर जाण्याआधी: शेतासाठी थर्मल दुर्बीण कशी निवडावी

आमचं शेत जुन्नर तालुक्यात. दादा तिथं शेती पाहतो, मी कोथरूडला राहतो. थ्री फेज लाइट रात्रीची असली की दादा दीड-दोन वाजता दारं धरायला निघतो. दोन्ही बाजूंना ऊस, मधून बांधाची वाट. गेल्या दिवाळीनंतर एका रात्री त्याच्या बॅटरीच्या उजेडात बांधावर बिबट्या बसलेला दिसला, पंधरा पावलांवर. दादा जागच्या जागी थांबला. थोड्या वेळानं बिबट्या उठून उसात शिरला. तेव्हापासून दादा घरी येईपर्यंत वहिनी डोळ्याला डोळा लावत नाही.

म्हणून आम्ही थर्मल दुर्बीण घ्यायचं ठरवलं. ती अंगाची उष्णता टिपते, त्यामुळे मिट्ट अंधारातही जनावर दिसतं. ती शोधायला लागलात की बंदुकीवर बसवायचे स्कोपच आधी समोर येतात. अमेरिकेत, टेक्ससमध्ये वगैरे, रात्री रानडुकरं आणि कोयोटी (तिकडचे कोल्ह्यासारखे प्राणी) मारायला ते वापरतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. बिबट्या पहिल्या अनुसूचीत येतो, आणि रानडुकरानं कितीही मका लोळवला तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही. आपल्याला जनावर वेळेत दिसायला हवं, एवढंच. म्हणून हातात धरायची, एका डोळ्याची दुर्बीण घ्या. नेम धरायच्या खुणा आणि बंदुकीचा धक्का सोसणारी बांधणी यांचे पैसे आपण कशाला द्यायचे?

मी भोसरीच्या एका कारखान्यात बरीच वर्षं मेंटेनन्सला होतो. बेअरिंग तापलंय का, पॅनेलमधला जोड सैल आहे का, ते थर्मल कॅमेऱ्यानंच पाहायचो. त्या भरवशावर पहिल्यांदा मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा घेतला, १६० बाय १२० पिक्सेलचा. पॅनेलसमोर तो उत्तम चालतो. शेतात तीस मीटरवर आमचा मोती म्हणजे दोन-तीन पांढरे ठिपके दिसले. तो कुत्रा आहे हे मला ठाऊक होतं म्हणून कळलं. पैसे गेले याचं वाईट वाटलंच, पण दादा त्या ठिपक्यांच्या भरवशावर उसात गेला असता तर, या विचारानं जास्त धसका घेतला.

तेव्हा दुकानात जाण्याआधी टेप घेऊन शेतात जा. जिथून तुम्ही पाहणार तिथपासून उसाच्या लांबच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. आमच्या मोटारीच्या खोलीपासून ते ११० मीटर भरलं. निवड या आकड्यावरून करायची. खोक्यावरचं ‘९०० मीटर’ बाजूला ठेवा. ते बहुतेक वेळा माणसाएवढ्या उंचीचं काहीतरी गरम तिथं आहे, एवढं कळण्याचं अंतर असतं. कुत्रा की बिबट्या, हे त्यात येत नाही.

हिशेब सोपा आहे. सेन्सरच्या एका पिक्सेलचा आकार, भागिले लेन्सची फोकल लेन्थ, गुणिले अंतर. १२ मायक्रॉन पिक्सेलचा सेन्सर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि १९ मिलिमीटरची लेन्स असेल तर १०० मीटरवर एक पिक्सेल साधारण सव्वासहा सेंटिमीटर झाकतो. बिबट्याची खांद्यापाशी उंची ६० सेंटिमीटरच्या आसपास धरा. म्हणजे तो उंचीला नऊ-दहा पिक्सेल भरेल. सहा-आठ पिक्सेल मिळाले की सरळ पाठ, लांब शेपूट, दबकी चाल ओळखू येते. रानडुकराचा खांद्याकडचा उंचवटा आणि खाली घातलेलं तोंडही कळतं. २०० मीटरवर तेच पाच पिक्सेल होतात, मग नुसता गोळा दिसतो.

मग ३५ मिलिमीटरची लेन्स का नको? मीही तिच्याच मोहात होतो. पण ३८४ बाय २८८च्या सेन्सरवर ती १० मीटरवरचा फक्त १ मीटर ३० सेंटिमीटर रुंद तुकडा दाखवते. १९ची लेन्स तेवढ्याच अंतरावर जवळजवळ अडीच मीटर दाखवते. दादाला भेटलेला बिबट्या जवळचाच होता. बांधावर चालताना डावा-उजवा ऊस भरभर न्याहाळता यायला हवा, म्हणून मी ३८४ आणि १९ वर थांबलो. डिजिटल झूमसाठी जास्त पैसे देऊ नका, त्यात तेच पिक्सेल मोठे होतात.

तापमानातला किती बारीक फरक यंत्राला कळतो, ती संवेदनशीलता. ती मिलिकेल्विनमध्ये, म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागात, लिहिलेली असते. आकडा जितका लहान तितकं चांगलं, २५ किंवा त्याखाली बघा. डिसेंबरच्या थंडीत ४०चं यंत्रही चांगलं भासतं. फरक कळतो तो मे महिन्यात. तेव्हा रात्री नऊलाही विहिरीचं कठडं आणि बांधावरचे दगड तापलेले असतात, जनावर त्यांच्यात मिसळून जातं. सेकंदाला ९ चित्रांचं यंत्र टाळा, दुर्बीण फिरवली की चित्र अडखळतं. २५ पुरे, ५० असेल तर छानच.

दुकानातल्या भिंतीवर रोखून काही कळत नाही, आणि काचेतून तर बाहेरचं मुळीच दिसत नाही, कारण ही उष्णता काचेतून पार होत नाही. बदलून मिळेल अशा बोलीवर घ्या. मी पहाटे साडेपाचला वेताळ टेकडीवर नेली. तिथं मोर आणि भटकी कुत्री दोन्ही असतात. मोर कुठला, कुत्रं कुठलं, हे साठ पावलांवरून न चुकता सांगता आलं, तेव्हाच ठेवून घेतली. मधूनमधून ‘टक’ असा आवाज येतो, क्षणभर चित्र थांबतं. सेन्सर जुळवून घेण्यासाठी क्षणभर मिटणारं ते शटर असतं, बिघाड नव्हे.

आणि घरच्यांना हे बजावून सांगा: दाट उसाच्या आत या दुर्बिणीतून दिसत नाही. पानाआड बसलेला बिबट्या पानाआडच राहतो. धुकं आणि जोराचा पाऊस असला की पल्ला खूप घटतो. त्यामुळे दादा आता खोलीच्या दारातून दोन मिनिटं कड न् कड पाहतो, मग निघतो. दर वीसेक पावलांवर थांबून पुन्हा पाहतो. बॅटरी आणि काठी सोबत असतेच, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावलेली असतात. बिबट्या दिसला तर त्या रात्री पाणी द्यायचं नाही. खोलीत परत यायचं आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन करायचा.

सेल बदलता येणारीच घ्या, १८६५० मापाचा मिळाला तर उत्तम. चार्ज केलेला दुसरा सेल दादा बंडीच्या आतल्या खिशात ठेवतो, थंडीत बाहेर राहिला की तो लवकर उतरतो.