पोलीस भरतीचं सामान्य ज्ञान: या चुका टाळा, एका गुणासाठी वर्ष घालवू नका

मी पोलीस शिपाई म्हणून भरती झाले त्याला बरीच वर्षं झाली. सुट्टीच्या दिवशी आजही पहाटे गावाकडच्या मैदानावर जाते. पाच वाजता पोरं-पोरी धावायला आलेल्या असतात. मी त्यांची वेळ लावते, गोळा कसा धरायचा ते दाखवते आणि घाम वाळेपर्यंत सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारते. धावण्याची वेळ महिन्या-दोन महिन्यांत सुधारते. प्रश्नांच्या उत्तरांत मात्र त्याच चुका, नव्या बॅचच्या तोंडून, पुन्हा पुन्हा ऐकते.

भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची. लेखीला ९० मिनिटं मिळतात. त्यात अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान-चालू घडामोडी. म्हणजे एका प्रश्नाला पूर्ण मिनिटसुद्धा नाही. गणिताला दोन मिनिटं लागणार हे सगळ्यांना माहीत असतं. ती मिनिटं येणार कुठून? सामान्य ज्ञानातूनच. उत्तर येत असेल तर दहा सेकंदांत गोल रंगवून पुढे जाता येतं. अर्धवट येत असेल तर दोन पर्यायांत घुटमळत वेळही जातो आणि गुणही जातो. म्हणून या विषयातलं अर्धवट ज्ञान मला सगळ्यात महाग वाटतं.

प्रश्नसंच वाचणं म्हणजे सराव नव्हे

माझा मावसभाऊ आमच्याच घरी राहून तयारी करत होता. मैदानीत ५० पैकी ४४ गुण पडले, घरात पेढे वाटले. त्याच्याकडे एक जाडजूड प्रश्नसंच होता. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय आणि लगेच खाली ठळक अक्षरांत उत्तर. जेवताना तो संच ताटाशेजारी, एसटीत मांडीवर. दिवसाला दीडशे प्रश्न 'करायचा'. करायचा म्हणजे प्रश्न वाचायचा, उत्तर वाचायचं आणि पान उलटायचं. डोळ्यांसमोर उत्तर असलं की आपल्याला ते येतंच असं वाटतं. त्यालाही तसंच वाटत होतं. मी दोनदा टोकलं. "ताई, तिसऱ्यांदा संपवतोय," असं तो म्हणाला आणि मी गप्प बसले. तिथे गप्प बसायला नको होतं.

पेपरात प्रश्न आला: 'केसरी'चे पहिले संपादक कोण? त्याच्या संचात होतं 'केसरी कोणी सुरू केला? टिळक.' त्याने केसरी हा शब्द पाहिला, पर्यायांत टिळक दिसले आणि गोल रंगवला. संध्याकाळी घरी आल्यावर चपलाही न काढता विचारलं, "ताई, केसरी टिळकांचाच ना?" टिळकांचाच, पण पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर. अंतिम यादी लागली तेव्हा तो एका गुणाने बाहेर होता. त्या रात्री तो जेवला नाही. पुढची जाहिरात येईपर्यंतचा काळ आमच्या घरात कसा गेला, ते मी विसरलेले नाही.

त्याला माहिती नव्हती असं नाही. त्याला एक जोडी पाठ होती, आणि प्रश्न काढणाऱ्याने जोडीतला एक शब्द बदलला. पेपर असाच काढतात. 'संस्थापक'च्या जागी 'पहिले संपादक', 'उगम' ऐवजी 'संगम', 'मंजूर झाला' ऐवजी 'लागू झाला'.

मग आम्ही दोघं बसलो आणि त्या एका प्रश्नाची पूर्ण गोष्ट वाचली. १८८० मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. जानेवारी १८८१ मध्ये इंग्रजीतला मराठा आणि मराठीतला केसरी निघाला. केसरीची संपादकी आगरकरांकडे होती. कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांवर केलेल्या लिखाणाच्या बदनामी खटल्यात, १८८२ साली टिळक-आगरकर दोघांनाही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज. पुढे आधी समाजसुधारणा की आधी राजकीय स्वातंत्र्य यावरून दोघांचं फाटलं, आगरकर केसरीतून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी सुधारक काढलं. वाचायला दहा मिनिटं लागतात आणि यातून सात-आठ प्रश्न सुटतात. शिवाय भांडण कशावरून झालं हे कळलं की साल विसरलं तरी क्रम विसरत नाही.

माझी सवय सांगते. पर्याय हाताने झाकून प्रश्न वाचायचा आणि उत्तर आधी मोठ्याने म्हणायचं. मग हात काढून उरलेल्या तीन पर्यायांकडे बघायचं आणि विचारायचं, हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर झालं असतं? वरच्या प्रश्नात बाळशास्त्री जांभेकर असतील तर दर्पण, ६ जानेवारी १८३२. भाऊ महाजन असतील तर प्रभाकर, १८४१. कृष्णराव भालेकर असतील तर दीनबंधू, १८७७. एका प्रश्नाचे चार होतात. अशाने दिवसाला तीसच प्रश्न होतील. होऊ द्या. 'आज दीडशे केले' असं गटात टाकणाऱ्यांशी तुमची शर्यत नाही.

जुनी पुस्तकं, जुने आकडे

मोठ्या भावाचं किंवा शेजारच्या ताईचं पुस्तक वापरण्यात कमीपणा नाही. मीही तेच वापरलं. पण पेन हातात न घेता जुनं पुस्तक वाचणं हा आता सरळ धोका झालाय, कारण गेल्या काही वर्षांत पोलिसांच्या रोजच्या कामातलेच तीन मोठे कायदे बदलले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, १८६० च्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय पुरावा कायदा, १८७२ च्या जागी भारतीय साक्ष अधिनियम. तिन्ही नव्या कायद्यांच्या नावापुढे २०२३ लिहिलेलं असतं, अंमल मात्र २०२४ चा. मैदानावर विचारलं की निम्मी पोरं इथेच अडकतात.

दंड संहितेत ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. खुनाची शिक्षा ३०२ मध्ये होती, ती आता १०३ मध्ये. फसवणूक ४२० वरून ३१८ ला गेली, चोरी ३७९ वरून ३०३ ला. जमावबंदीचं १४४ आता नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ आहे, आणि प्रथम खबरीचं, म्हणजे एफआयआरचं, १५४ आता १७३. गावात अजूनही 'त्याच्यावर तीनशे दोन लागलं' असंच बोलतात. कानावर जुना आकडा पडत राहतो आणि परीक्षेत हात तिकडेच वळतो. ज्या खात्यात नोकरी मागायची, त्या खात्याचा रोजचा कायदा चुकीचा लिहून यायचं, हे मला खरंच सहन होत नाही. हे आकडे पाठ नसतील तर बाकीचं वाचन थांबवा आणि आधी हे करा.

जिल्ह्यांचंही तसंच. औरंगाबाद आणि उस्मानाबाद २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर. जुन्या पुस्तकात ३५ जिल्हे छापलेले असतील तर ते पालघरच्या आधीचं आहे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि संख्या ३६ झाली. मी असा बदल दिसला की जुनी ओळ खोडून बाजूला नवी लिहिते आणि तारीख टाकते. खोडताना जे डोक्यात बसतं ते नवं पुस्तक विकत घेऊन बसत नाही.

नकाशा न उघडता भूगोल

धरणांच्या याद्या पाठ करणारी पोरं बघितली की मला वाईट वाटतं, कारण कष्ट खरे असतात आणि वाया जातात. धरण, नदी, जिल्हा, जलाशयाचं नाव अशा चार रकान्यांचा तक्ता आठवडाभर घोकायचा आणि पंधराव्या दिवशी सगळं एकमेकांत मिसळायचं.

मैदानावर गोळाफेकीच्या वाळूत मी काठीने महाराष्ट्र काढायला लावते. पहिल्या दिवशी तो कशासारखाही दिसतो. हरकत नाही. मग गोदावरी काढायची. त्र्यंबकेश्वरला उगम, नाशिक, मग अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगरच्या सीमेवरून पैठण. तिथे जायकवाडी, म्हणजेच नाथसागर. पुढे नांदेड, मग तेलंगणात, आणि पुन्हा सिरोंच्याजवळ गडचिरोलीच्या कडेला. ही रेघ स्वतःच्या हाताने ओढली की 'गोदावरी महाराष्ट्र सोडून परत सीमेला कुठे भिडते' हा प्रश्न कठीण राहत नाही. भीमा भीमाशंकरला उगवते, सोलापूर जिल्ह्यात उजनी, म्हणजे यशवंतसागर, आणि कृष्णेला मिळते ती कर्नाटकात.

विदर्भातल्या नद्यांवर तर प्रश्न यायलाच टपलेले असतात. पैनगंगा आणि वैनगंगा नावाने जुळ्या बहिणी, वाहतात वेगळ्याच. पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीला मिळते. तीन वाक्यं आहेत, पण वाळूत काढल्याशिवाय कुणाच्याही लक्षात राहिलेली मी पाहिली नाहीत. नर्मदा राज्यात फक्त नंदुरबारच्या सीमेला लागून जाते. भंडारदऱ्याला धरण विल्सन आणि जलाशय आर्थर, तो प्रश्न नेहमी अदलाबदल करूनच विचारतात. नदी प्रवरा.

उंचीचंही एकदा नीट करा: कळसूबाई १,६४६ मीटर, साल्हेर १,५६७ मीटर. साल्हेर नाशिक जिल्ह्यात, हे पुढे पुन्हा लागणार आहे.

चालू घडामोडी सुट्या घोकणं

'कोणाची निवड झाली', 'कोणाला पुरस्कार' अशा याद्या पोरं वर्षभर पाठ करतात. पदावरची नावं मी शेवटच्या महिन्यातच करायला सांगते. आधी केलेली बदलतात आणि जुनं नाव डोक्यातून जात नाही.

घटना मात्र वर्षभर करायच्या, आणि प्रत्येक घटना जुन्या अभ्यासाला बांधायची. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. बहुतेकांनी '१२ किल्ले, युनेस्को' एवढंच लिहून ठेवलं. अरे, ११ महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत! कोणते ११? साल्हेर नाशिकचा. शिवनेरी, लोहगड, राजगड पुण्याचे. रायगड आणि खांदेरी रायगड जिल्ह्यातले. प्रतापगड साताऱ्याचा, पन्हाळा कोल्हापूरचा, सुवर्णदुर्ग रत्नागिरीचा. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग, सिंधुदुर्ग जिल्ह्यातले. आता यातला जलदुर्ग कोणता, डोंगरी कोणता, राज्याभिषेक कुठे, अफजलखानाचा वध कुठे, जन्म कुठे हे सगळं याच एका बातमीला टांगता येतं. राजगड आणि रायगड यांत आधीची राजधानी कोणती, तेही इथेच पक्कं करा. राजगड आधी.

काही चुका थोडक्यात

फोनवर फिरणारी पीडीएफ खरी धरू नका. तिच्यातल्या चुका अख्ख्या गटाला एकसारख्या पाठ होतात. शंका आली की शालेय पाठ्यपुस्तक उघडायचं. इयत्ता सहावी ते दहावीची बालभारतीची इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्राची पुस्तकं मी अजून ठेवलेली आहेत.

'अतिसंभाव्य ५०० प्रश्न', 'सात दिवसांत संपूर्ण जीके' यांच्या नादी लागणाऱ्यांना मी मैदानावरच विचारते: सात दिवसांत १६०० मीटर बसतं का? जो दमसास पायांना लागतो, तोच इथेही लागतो.

आद्याक्षरांच्या क्लृप्त्या सालांसाठी वापरू नका, परीक्षेच्या ताणात क्लृप्तीच आठवत नाही.

ज्या जिल्ह्यात अर्ज केलाय त्याचे तालुके, नद्या, शेजारचे जिल्हे, थोर माणसं यासाठी दोन दिवस द्या. पेपर त्या त्या घटकाचा, म्हणजे जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलीस दलाचा असतो. दुसऱ्या जिल्ह्यात अर्ज भरणारे हे हमखास विसरतात.

आणि प्रश्न कोरा सोडू नका. शिपाई भरतीच्या लेखीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरीही सात-आठ गोल रिकामे ठेवून आलेली मुलं मला दर भरतीला भेटतात. जाहिरातीत गुणपद्धतीची ओळ स्वतः वाचून खात्री करा. मग शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा, एकही गोल रिकामा नाही ना ते बघा, आणि पंचविसाव्या, पन्नासाव्या, पंचाहत्तराव्या प्रश्नाशी थांबून उत्तरपत्रिकेवरचा क्रमांक प्रश्नपत्रिकेशी जुळवा. एक ओळ सरकली तर वरचं सगळं केलेलं वाया जातं. मावसभावाने दुसऱ्या वेळी असंच थांबून क्रमांक जुळवले होते. अडतिसाव्या प्रश्नापासून सरकलेली ओळ त्याला पन्नासाव्याशी सापडली, म्हणून पुढचे पन्नास प्रश्न तरी वाचले.